साखर उतरली, पण शेवटी मोजलं काय?

मधुमेहावर पीएचडी करायची म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसलं, की पहिली तीन वाक्यं जवळपास ठरलेली असतात. पहिलं: भारतात मधुमेहाचे रुग्ण झपाट्याने वाढताहेत. दुसरं: या आजारामुळे डोळे, किडनी, नसा, पाय आणि हृदय यांवर गंभीर परिणाम होतात. तिसऱ्या वाक्यात आपण आपल्या वनस्पतीवर, रेणूवर नाहीतर प्रश्नावलीवर उडी मारतो. दुसऱ्या वाक्यातले डोळे, किडनी आणि पाय मग थेट शेवटच्या प्रकरणात, ‘भविष्यातील संशोधनाच्या दिशा’ या मथळ्याखाली भेटतात. मधली सगळी पानं साखरेची.

आजची पोस्ट त्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. त्याला संदर्भ म्हणून पुष्कळदा एकच नाव जोडलेलं असतं: यूकेपीडीएस, म्हणजे ब्रिटनमधला मधुमेहाचा तो प्रसिद्ध दीर्घकालीन अभ्यास. अभ्यास मोठा आहे, मेहनतीचा आहे, आजही महत्त्वाचा आहे. माझं म्हणणं इतकंच, की तो उद्धृत करणारे पुष्कळ आणि त्यातला निकालांचा तक्ता ओळीने वाचणारे थोडे. तर तो तक्ता आपण वाचू, आणि जळगाव-धुळ्यात संशोधन करणाऱ्याला तो किती पुरतो ते बघू. पेटच्या मुलाखतीला जाणाऱ्यांनी तर जरूर बघावं.

अभ्यास नेमका काय होता

ऑक्सफर्डच्या रॉबर्ट टर्नर आणि रुरी होल्मन यांनी १९७७ मध्ये तो सुरू केला. १९९१ पर्यंत २३ केंद्रांमधून टाइप २ मधुमेहाचं नव्याने निदान झालेले ५,१०२ रुग्ण घेतले. मुख्य निकाल सप्टेंबर १९९८ मध्ये आले. साखरेच्या मुख्य तुलनेत ३,८६७ रुग्ण होते. एका गटात सल्फोनिलयुरिया गोळ्या किंवा इन्सुलिन देऊन उपाशीपोटीची साखर १०८ मिलिग्रॅमच्या खाली आणायचा प्रयत्न झाला. दुसऱ्या गटात आधी फक्त आहार. साखर २७० च्या वर गेली किंवा लक्षणं दिसली तरच औषध. (मूळ निबंधात हे आकडे ६ आणि १५ मिलिमोल असे आहेत. १८ ने गुणलं की आपल्या लॅबच्या रिपोर्टातले मिलिग्रॅम मिळतात.)

दहा वर्षांत पहिल्या गटाचा मध्यक एचबीएवनसी ७.० राहिला, दुसऱ्याचा ७.९. म्हणजे ज्या फरकावर एवढी इमारत उभी आहे तो ०.९ चा आहे. हा आकडा लक्षात ठेवा.

पंचवीस टक्क्यांच्या आत काय आहे

‘साखर आटोक्यात ठेवल्याने सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी होतात’ हे वाक्य तुम्ही वाचलं असेल, कदाचित लिहिलंही असेल. ते खरं आहे. पण २५ टक्के कशाचे?

दर हजार रुग्णांमागे दर वर्षी अशा घटना एका गटात ११.४ झाल्या, दुसऱ्यात ८.६. फरक २.८. दहा वर्षांचा हिशेब केला तर हजारांत २८ जण वाचले. म्हणजे साधारण ३६ जणांवर दहा वर्षं काटेकोर उपचार केले, तेव्हा एकाची अशी घटना टळली. २५ टक्के आणि ३६ मधला एक, दोन्ही बरोबर. पण कानाला दोन्ही सारखे वाटत नाहीत. पहिला सापेक्ष फरक, दुसरा निरपेक्ष. आपल्या प्रबंधात दोन्ही लिहायची सवय लावा. व्हायव्हात हा प्रश्न आला तर तोंड उघडता आलं पाहिजे.

आता पुढचं. ‘सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती’ या एकत्रित निकालात काय काय धरलं होतं? डोळ्याला लेसर करावा लागणं, डोळ्याच्या आत रक्तस्राव, आणि किडनी निकामी होणं. यातला बराचसा फायदा आला लेसरची गरज कमी झाल्यामुळे. एका डोळ्याचं अंधत्व, पाय कापावा लागणं, यांचे आकडे काटेकोर गटाच्या बाजूने झुकलेले दिसतात, पण फरक सांख्यिकीदृष्ट्या पक्का ठरला नाही. मधुमेहाशी संबंधित मृत्यूही १० टक्क्यांनी कमी, पण पी-मूल्य ०.३४. हृदयविकाराचा झटका १६ टक्क्यांनी कमी, पी-मूल्य ०.०५२.

याचा अर्थ उपचार निरुपयोगी होते असा नाही. इतकाच, की या अभ्यासाने सगळ्यात पक्कं जे दाखवलं ते डोळ्याच्या लेसरबद्दल होतं. आपल्या सिनॉप्सिसमधलं ‘डोळे, किडनी, नसा, पाय आणि हृदय’ हे लांबलचक वाक्य त्या एका संदर्भावर उभं राहत नाही. एकत्रित निकाल दिसला की तो उसवून बघायचा: कुठला घटक वजन उचलतोय आणि कुठला नुसता सोबत चाललाय?

किंमतही मोजली होती. साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याच्या मोठ्या घटना वर्षाला आहाराच्या गटात ०.७ टक्के रुग्णांत, ग्लिबेनक्लेमाइडवर १.४, इन्सुलिनवर १.८. काटेकोर गटाचं वजन सरासरी २.९ किलो जास्त वाढलं. हे आकडे बहुतेकांच्या ‘साहित्याचा आढावा’मध्ये दिसत नाहीत. आपल्याकडे एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस असे उपास धरणारे घरोघरी आहेत. अशा माणसाने उपाशी राहून नेहमीची गोळी घेतली तर काय होईल, याचा विचार १.४ टक्के या आकड्यात नाही. तो आपल्याला करायचा आहे.

ज्या निबंधाकडे कमी लक्ष जातं

याच अभ्यासाचा रक्तदाबाचा भाग वेगळा छापला गेला. मधुमेहासोबत उच्च रक्तदाब असलेले १,१४८ रुग्ण. एका गटाचा रक्तदाब सरासरी १४४/८२, दुसऱ्याचा १५४/८७. एवढ्या फरकाने पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले, मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती ३७ टक्क्यांनी. हे आकडे साखरेच्या आकड्यांच्या शेजारी ठेवून बघा. बीपीची साधी गोळी गुंतागुंत टाळण्यात साखरेच्या गोळीच्या मागे नाही, काही बाबतीत पुढेच आहे.

२००८ मध्ये पुढच्या दहा वर्षांचा पाठपुरावा आला. साखरेच्या गटांमधला फरक मूळ अभ्यास संपल्यावर वर्षभरात मिटला होता, तरी आधी काटेकोर उपचार मिळालेल्यांचा फायदा टिकला. एवढंच नाही, हृदयविकाराच्या झटक्यातला फरक आता १५ टक्के आणि सांख्यिकीदृष्ट्या पक्का ठरला. रक्तदाबाचं मात्र उलटं. दोन गटांमधला फरक मिटला तसा फायदाही ओसरला. म्हणजे साखरेवर सुरुवातीला केलेली मेहनत पुढे व्याज देते. बीपीची गोळी बंद केली की हिशेब तिथेच थांबतो. घरात कुणी ‘आता बीपी नॉर्मल आलं, गोळी कशाला’ म्हणत असेल तर त्यांना सांगायला हे पुरेसं आहे.

मेटफॉर्मिनबद्दलही एक सावधगिरी. वजन जास्त असलेल्या ३४२ रुग्णांना ते दिलं, आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. हे सगळे सांगतात. त्याच निबंधात, आधीच सल्फोनिलयुरियावर असलेल्यांना मेटफॉर्मिन जोडलं तेव्हा असे मृत्यू वाढलेले दिसले. छोटा गट, मोजक्या घटना. योगायोग असू शकतो, आणि हे दोन औषधांचं मिश्रण जगभर वापरात राहिलं. पण मग ३४२ जणांच्या निकालाला आपण तोच न्याय लावतो का? आवडलेला निकाल आणि नावडता निकाल एकाच तराजूत तोलता आला, तरच ते समीक्षण.

साखर एकीकडे, गुंतागुंत दुसरीकडे

इथपर्यंत कुणी म्हणेल, ‘ठीक आहे, पण शेवटी साखर कमी तर गुंतागुंत कमी, हे सूत्र चुकत नाही ना?’ दोन अभ्यास शेजारी ठेवू.

पहिला अ‍ॅकॉर्ड. अमेरिका आणि कॅनडातले १०,२५१ रुग्ण, आधीच हृदयविकाराचा धोका असलेले. काटेकोर गटाचा एचबीएवनसी ६.४ पर्यंत आणला, दुसऱ्या गटाचा ७.५ राहिला. साखरेच्या तक्त्यात दणदणीत यश. पण काटेकोर गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्यात २०३. २००८ मध्ये ती शाखा मुदतीआधी थांबवावी लागली.

दुसरा क्रेडेन्स, २०१९. मधुमेहामुळे किडनी बिघडू लागलेले ४,४०१ रुग्ण, औषध कॅनाग्लिफ्लोझिन. दोन गटांच्या एचबीएवनसीत फरक पाव टक्क्याच्या आसपास, म्हणजे नगण्य. पण किडनी निकामी होणं आणि त्यासोबत धरलेल्या गंभीर घटना ३० टक्क्यांनी कमी झाल्या.

पहिल्यात साखर छान उतरली आणि माणसं जास्त गेली. दुसऱ्यात साखर जवळपास तिथेच राहिली आणि किडनी वाचली. साखर महत्त्वाची नाही असा निष्कर्ष यातून काढू नका. यूकेपीडीएसने ती महत्त्वाची आहे हे दाखवलंच आहे. निष्कर्ष असा, की साखर हे साधन आहे. साध्य आहे डोळा, किडनी, पाय, हृदय. ज्या अभ्यासाने साधन मोजलं त्याने साध्याबद्दल बोलताना जपून बोलावं. माझ्या मते मधुमेहाचं कुठलंही संशोधन हातात घेतलं की पहिला प्रश्न हाच: शेवटी मोजलं काय?

उंदरांवरच्या प्रयोगांना हाच प्रश्न

आपल्या भागात फार्मसी, वनस्पतिशास्त्र, जीवरसायनशास्त्र या विषयांतली मुलं मेथी, कारलं, जांभूळ, गुळवेल किंवा सातपुड्यातली एखादी औषधी वनस्पती घेतात. साचा ओळखीचा: उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन द्यायचं, साखर वाढली की अर्क पाजायचा, २१ किंवा २८ दिवसांनी साखर मोजायची, तुलनेला ग्लिबेनक्लेमाइडचा गट ठेवायचा.

दोन गोष्टी विचारा. एक, स्ट्रेप्टोझोटोसिन स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारतं. ग्लिबेनक्लेमाइड काम करतं ते बीटा पेशींना डिवचून इन्सुलिन सोडायला लावत. पेशीच बहुतांश मेल्या असतील तर ते काम कुणावर करणार? तुलनेच्या गटात साखर छान उतरली असेल तर याचा अर्थ बऱ्याच पेशी जिवंत होत्या. मग हे प्रारूप नेमकं कुठल्या मधुमेहाचं, हे डोस आणि इन्सुलिनच्या पातळीसकट लिहायला हवं. दोन, मधुमेहाची गुंतागुंत माणसात वर्षानुवर्षांत घडते. तीन आठवड्यांच्या साखरेवरून ‘मधुमेह व त्याच्या गुंतागुंतींवर परिणामकारक’ असं शीर्षक देता येत नाही. किडनीचा दावा असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन मोजा, ऊतीचे छेद बघा. नसांचा दावा असेल तर संवेदनेची चाचणी करा. नसेल करायची तर शीर्षकातून तो शब्द काढा. शब्द काढायला खर्च येत नाही.

ब्रिटिश मोजपट्टी खानदेशात

यूकेपीडीएसमधले ८१ टक्के रुग्ण गोरे होते, १० टक्के भारतीय वंशाचे. सरासरी बीएमआय २७.५. आपल्याकडचा रुग्ण पुष्कळदा असा दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनच्या जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये स्वतःचे दोघांचे आकडे छापले होते: दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ‘बारीक आहे, म्हणजे धोका नाही’ हा समज एका फोटोने मोडला.

एचबीएवनसीची पट्टीही आपल्या भागात तपासून घ्यावी लागते. शिरपूर, साक्री या तालुक्यांत भिल्ल, पावरा समाजात सिकलसेलचा गुणधर्म आढळतो. सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तिच्यावर साखर चढायला वेळच कमी मिळतो आणि एचबीएवनसी खोटा कमी येतो. नुसता वाहक असेल तरी काही तपासणी पद्धतींत हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार अडथळा आणतो. उलट लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया एचबीएवनसी खोटा वाढवू शकतो. नमुन्यात असे रुग्ण असतील आणि तुम्ही हिमोग्लोबिन न बघता फक्त एचबीएवनसीवर गट पाडलेत, तर पुढचं सगळं सांख्यिकी नेटकं असूनही पाया हललेला असेल. पद्धतीच्या प्रकरणात मशीनचं आणि पद्धतीचं नाव लिहा, सिकलसेल चाचणीची नोंद ठेवा.

आता आपले आकडे. आयसीएमआर-इंडियॅब या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. २०११ च्या निकालानुसार राज्यात मधुमेहाचं प्रमाण ८.४ टक्के, शहरी १०.९, ग्रामीण ६.५. काम भक्कम आहे, घरोघरी जाऊन केलेलं आहे. पण तो आकडा राज्याचा. रावेरचा केळी उत्पादक, जळगावातला सोन्याच्या पेढीवरचा कारागीर आणि साक्रीचा शेतमजूर यांना एकच ८.४ लावून ‘खानदेशातील प्रमाण’ म्हणता येत नाही. शिवाय हा आकडा आजार किती जणांना आहे ते सांगतो, किती जणांच्या तळपायाची जाणीव गेली ते सांगत नाही.

गुंतागुंतीचे आकडे शोधायला गेलं की आपण चेन्नईला पोचतो. तिथल्या क्युअर्स अभ्यासात मधुमेहींमध्ये डोळ्याच्या पडद्याचा विकार १७.६ टक्के, नसांचा विकार २६.१ टक्के, लघवीत थोडं अल्ब्युमिन जाणं २६.९ टक्के. उत्तम अभ्यास, पण महानगरातला. आमोद्याच्या किंवा दोंडाईच्याच्या रुग्णाला उपचार किती उशिरा मिळाला, तो शेतात काय घालून फिरतो, हे त्यात येणार नाही.

इंडियॅबचाच एक नंतरचा निबंध मला जास्त मोलाचा वाटतो. २०२२ मध्ये आलेल्या त्या निबंधात मधुमेह माहीत असलेल्यांपैकी ३६.३ टक्क्यांची साखर लक्ष्यात होती, ४८.८ टक्क्यांचा रक्तदाब, ४१.५ टक्क्यांचं कोलेस्टेरॉल. तिन्ही एकत्र लक्ष्यात असलेले? ७.७ टक्के. म्हणजे नवं औषध शोधण्याच्या आधी, असलेली औषधं तिन्ही बाजूंनी पोचत का नाहीत, हा संशोधनाचा प्रश्न समोर उभा आहे.

पाय: जुनं ज्ञान आपल्याच घरात

गुंतागुंतींमध्ये सगळ्यात कमी यंत्रं लागणारी तपासणी पायाची. नस बधिर झाली की वेदना थांबते, आणि वेदना थांबली की माणूस पाय जपायचं थांबतो. काटा, चपलेचा खिळा, भेगेत गेलेली माती, काही कळत नाही. एकाच जागी दाब पडून घट्टा होतो, घट्ट्याखाली जखम होते, रक्तपुरवठा कमी असेल तर भरत नाही, जंतुसंसर्ग हाडापर्यंत जातो.

बधिर पाय वाचवायचं शास्त्र मोठ्या प्रमाणात कुष्ठरोगाच्या कामातून, आणि तेही भारतात घडलं. शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोग्याची बोटं आपोआप झडत नाहीत, जाणीव गेलेल्या पायावर रोज पडणारा दाब आणि न कळलेल्या जखमा त्याला कारण आहेत, हे त्यांनी दाखवलं. जखमेवरचा दाब काढणारं प्लास्टर, मऊ रबराची चप्पल, रोज पाय बघायची शिस्त, यांवर तिथे काम झालं. १९६६ मध्ये ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि तेच उपाय मधुमेहींच्या पायाला लागू झाले. आज जगभर मधुमेहाच्या पायाला वापरलं जाणारं प्लास्टर त्या वाटेने आलं. आपल्याकडे कुष्ठरोग कार्यक्रमातून एमसीआर चपला वाटणारे, बधिर तळवा तपासता येणारे कर्मचारी आहेत. एका आजाराचं हे कौशल्य दुसऱ्या आजाराच्या रुग्णापर्यंत पोचवता येतं का, यावर जळगाव-धुळ्यात एक चांगला प्रबंध होऊ शकतो.

आणि आपला पाय वेगळ्या परीक्षेतून जातो. चैत्रात सप्तशृंगगडाच्या यात्रेला खानदेशातून हजारो लोक पायी निघतात, काही अनवाणी. एप्रिलचं ऊन, तापलेला डांबरी रस्ता, वर सुन्न तळवा: भाजलेलं संध्याकाळी फोड दिसल्यावरच कळतं. अशा यात्रेआधी गावात तळव्यांची तपासणी केली, कोणाचा पाय धोक्याचा ते सांगितलं, मऊ चप्पल आणि मोजे दिले, आणि परतल्यावर जखमा मोजल्या, तर शेवटी मोजलेली गोष्ट खरीखुरी असेल.

साधनं काय? दहा ग्रॅम दाबाला वाकणारा मोनोफिलामेंटचा धागा, १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क, आणि दोन चांगले प्रश्न. प्रश्नांचं भाषांतर मात्र डोकं लावून करा. ‘तुम्हाला पायात संवेदनहीनता जाणवते का?’ याला शिंदखेड्यात उत्तर मिळणार नाही. ‘पायले मुंग्या येतस का?’ याला मिळेल. त्याहून चांगलं म्हणजे ‘चालता चालता पायातली चप्पल निसटली आणि कळलंच नाही, असं झालं का?’ जे हरवलंय ते माणसाला जाणवत नाही. त्याचा परिणाम विचारावा लागतो. अहिराणी, लेवा बोली, पावरी यांतल्या प्रश्नावलीचं उलट भाषांतर करून ताडून बघणं हे पद्धतीचं काम आहे, परिशिष्टात ढकलायचं नाही.

सिनॉप्सिस उघडलाच आहे तर

एक, तुमचा अंतिम निकाल एका वाक्यात लिहा. त्यात साखर असेल तर शीर्षकातली गुंतागुंत काढा; गुंतागुंत ठेवायची असेल तर ती कशी मोजणार ते लिहा. लघवीतलं अल्ब्युमिन एकदा वाढलं म्हणून विकार ठरत नाही, तीन ते सहा महिन्यांत पुन्हा बघावं लागतं. तेवढा काळ वेळापत्रकात धरा.

दोन, मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे कळू देऊ नका. यूकेपीडीएसमध्ये रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही उपचार माहीत होता. लेसर करायचा की नाही हा निर्णय डॉक्टरचा असतो, हे विसरू नका.

तीन, सुटलेले रुग्ण मोजा. ऊसतोडीला, केळीच्या गाडीवर, सुरतेला गेलेला माणूस तपासणीला येत नाही आणि त्याचाच पाय जास्त धोक्यात असतो. तो गाळला की निकाल आपोआप गोंडस होतो.

चार, तपासणीत पाय किंवा डोळा धोक्यात दिसला तर त्याला कुठे पाठवणार, हे नैतिकता समितीच्या अर्जात आधी लिहा. धुळ्याचं हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल तिथल्या विभागाशी आधीच बोलून ठेवा. आकडा घेऊन निघून येणं हे संशोधन नाही.

आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर हे सगळं वाचून झाल्यावर एवढं करा. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, दोन्ही पायांची तपासणी. प्रत्येक भेटीत रक्तदाब. रोज रात्री तळवे उजेडात बघायचे; दिसत नसतील तर आरसा धरायचा किंवा नातवाला बघायला लावायचं. अनवाणी फिरायचं नाही, पाय शेकायचे नाहीत, कुरूप ब्लेडने कापायचं नाही. तंबाखू, विडी सोडायची. उपास धरायचा तर गोळ्यांचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारायचं. लघवीत अल्ब्युमिन जात असेल तर किडनीला जपणाऱ्या नव्या गोळ्यांबद्दलही विचारा. त्या गटातल्या डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे आधीच आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये संपलं, त्यामुळे भाव उतरलेत.

पुढच्या वेळी कुणी सेमिनारमध्ये साखरेचा उतरता आलेख दाखवला, की हात वर करा आणि विचारा: पायांचं काय झालं?